बेटाच्या कडेने १४ किलोमीटर, ११ जण आणि बेभरवशाची हवा : रविवारी निघावं का?

पायपीट | मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी, जरा अक्कल उसनी हवी आहे. येत्या रविवारी आम्ही ११ जण एका बेटाला किनाऱ्या-किनाऱ्याने पूर्ण वळसा घालायचं म्हणतोय. एकूण १४ किमी, चढ सगळे मिळून ४५० मीटरच्या आसपास. सकाळी ९ ला लाँच धक्क्याला लागते, परतीची शेवटची संध्याकाळी ५ ला.

वाट अशी: धक्का पूर्वेला. तिथून दक्षिणेला वळून पश्चिमेच्या कड्यावरून वर सरकायचं, ७ किमीवर वायव्य टोकाला दीपगृह, तिथून खाली उतरून उत्तरेची पुळण पकडायची आणि परत धक्का. दीपगृहापासून धक्क्यापर्यंत बेटाच्या मधून ४ किमीचा डांबरी रस्ताही आहे. उत्तरेला सुमारे ६०० मीटरचा पट्टा कड्याच्या अगदी पायथ्याने जातो, त्यावर नकाशात 'फक्त ओहोटीला' असं लिहिलंय.

अंदाज: पावसाची शक्यता ४० टक्के. नैऋत्येचा वारा, सकाळी ताशी २० किमी, दुपारनंतर ३५ ते ४०, मधेच झोत ५५ पर्यंत. दुसरं ॲप म्हणतं दिवसभर ऊन.

सगळ्यात धाकटी भाची १३ ची, थोरले काका ६४ चे, मधले बहुतेक खुर्चीत बसून पोट वाढवलेले. जावं की पुढे ढकलावं?

(बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा 'मी तिथे गेलो होतो तेव्हा' यात जाईल.)

उगाचच | मंगळवार, रात्री ९:३१

४० टक्के पाऊस म्हणजे ६० टक्के कोरडं. जा की राव. साखरेचे आहात का विरघळायला?

अंशमात्र | मंगळवार, रात्री १०:०५

उगाचच, तो आकडा तसा वाचत नाहीत. अशीच हवा असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या चार दिवशी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. किती पडेल आणि किती वेळ पडेल याबद्दल तो गप्प असतो. चार थेंबही त्यातच आणि तासभर झोडपणारी सरही त्यातच.

मी तुमच्या जागी असतो तर पाऊस सोडून वारा बघितला असता. ताशी ४० म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मोजपट्टीवर ६, छत्री हातात धरवत नाही असा वारा. ५५ चे झोत म्हणजे ७, वाऱ्याकडे तोंड करून चालताना दम निघतो. (ही पट्टी १८०५ ची, मुळात जहाजाच्या शिडांचा हिशोब ठेवायला केलेली. कड्यावरच्या माणसालाही लागू पडते, कारण पाठीवर सॅक घेतलेला माणूस म्हणजे एक छोटं शीडच.) वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चा वारा ५५ झाला तर धक्का पावणेतीनपट होत नाही, साडेसातपट होतो.

दुसरं म्हणजे बेट स्वतःची हवा स्वतः करतं. नैऋत्येचा वारा डोंगराला अडून वर चढला की पश्चिमेला ढग आणि पाऊस, पूर्वेला त्याच वेळी ऊन. तुमची दोन ॲप भांडत असतील तर कदाचित दोघंही खरं बोलताहेत.

पायपीट | मंगळवार, रात्री १०:२०

साडेसातपट! हे काकांना सांगत नाही.

खारावारा | बुधवार, सकाळी ६:२०

एवढी आभाळाची चौकशी झाली, समुद्राला कोणी विचारलंच नाही. रविवारी भरती-ओहोटी किती वाजता आहे?

पायपीट | बुधवार, सकाळी ८:४५

आत्ता बघितलं. ओहोटी १०:२० ला ०.४ मीटर, भरती दुपारी ४:३५ ला ४.२ मीटर. शुक्रवारी अमावस्या आहे, त्याने काही फरक पडतो का?

खारावारा | बुधवार, सकाळी ९:५०

पडतो म्हणजे काय! तेच तर सगळं आहे. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं. तुम्ही नेमके त्यावर जाऊन बसताय. पाणी ३.८ मीटर चढणार.

आता ते कसं चढतं ते बघा. सव्वासहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या भागात एकूण चढाचा बारावा हिस्सा येतो, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी पुन्हा एक. म्हणजे पहिल्या तासात फूटभर, आपल्याला वाटतं पाणी जागेवरच आहे. आणि साधारण १२:२५ ते २:३० या दोन तासांत अर्धं पाणी, जवळजवळ १.९ मीटर. उभ्या माणसाएवढं. हा ढोबळ हिशोब आहे, अरुंद खाड्यांत बिघडतो, पण उघड्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

तुमच्या ठरवलेल्या दिशेने तो ६०० मीटरचा पट्टा ९ व्या किलोमीटरला येतो. तिथे किती वाजता पोचणार होतात? दीड? म्हणजे पाणी सगळ्यात वेगाने चढत असताना ११ जण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा पट्टीत.

उलटे फिरा. धक्क्यावरून आधी उत्तरेला. पट्टा ५ किमीवर येईल, अकराच्या आत पार.

आणखी दोन गोष्टी. तक्त्यातली उंची सरासरी हवेला धरून असते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर फुगतो, वर किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी ढकलतो तो वेगळाच. आणि उत्तर किनारा वाऱ्याआड आहे म्हणून तिथे समुद्र झोपलेला असेल असं धरू नका. लांबून आलेली मोठी लाट टोकाला वळसा घालून आत येते. वर निरभ्र आभाळ आणि खाली फुटणाऱ्या लाटा हे मी बोटीवर इतकेदा बघितलंय की आता आभाळावर विश्वासच उरला नाही.

उगाचच | बुधवार, सकाळी १०:१५

आमचे आजोबा तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे, ॲप-बिप काही नाही.

खारावारा | बुधवार, सकाळी १०:४०

सांगत असतील, आणि बरोबरही सांगत असतील. पण ते ठोकताळे ज्या त्या किनाऱ्याचे. दुसऱ्या किनाऱ्यावर नेले की चुकतात, काही ठिकाणी तर दिवसात भरतीच एकदा येते. भरती-ओहोटीच्या पातळीतल्या फरकाचंही तसंच. भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी तो अर्धा मीटरसुद्धा नसतो आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत जातो.

बिनछत्री | बुधवार, दुपारी १:०५

खारावारांशी भीत भीत असहमत. उलटं फिरलं तर पश्चिमेचा कडा दुपारी येतो, नेमका वारा वाढल्यावर, आणि दक्षिणेकडे चालायचं म्हणजे वारा तोंडावर. मूळ दिशेने तोच कडा सकाळी २० च्या वाऱ्यात, तोही पाठीवर. कड्यावरून झोताने भेलकांडलेला माणूस मी बघितलाय. पाण्यात निदान मागे तरी फिरता येतं.

खारावारा | बुधवार, दुपारी १:३०

पाण्यात मागे फिरता येतं हा गैरसमज आहे हो. किनारा क्वचितच सरळ चढाचा असतो. तुमच्या मागचा खोलगट भाग आधी भरतो आणि तुम्ही उभे असता तो उंचवटा कोरडाच राहतो. लोक अडकतात ते असेच, पाय न भिजता. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, वेळा पाटीवर लिहिलेल्या असतात, तरी गाड्या अडकतात. तिथे त्यासाठी खांबांवर उभी केलेली खोलीच आहे, चढून बसायला.

दमछाक | बुधवार, रात्री ८:१५

दोघांचंही खरं आहे, म्हणून तिसरंच सांगतो. उलटे फिरा, पण पूर्ण वळसा घालायचं डोक्यातून काढा. दोन्ही दिशांनी दीपगृह ७ किमीवरच येतं आणि तिथून ४ किमीचा डांबरी रस्ता आहे. तीच तुमची सुटका. पुढचा कडा हवा चांगली असली तरच.

वेळेचं गणित: नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ मध्ये दिलेला नियम अजून चालतो. ५ किमीला तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचे १४ किमी म्हणजे २ तास ४८ मिनिटं, वर चढाची ४५. साडेतीन तास. आता हे विसरा. तो आकडा धडधाकट एकट्या माणसाचा. अकरा जणांत कोणाच्या बुटाची नाडी, कोणाचा फोटो, कोणाला आडोसा. दीडपट धरा, वर थांबे. सहा तास. ९:१५ ला निघालात तर सव्वातीन.

माझा अनुभव असा की गट पावसाने मोडत नाही, लांबल्याने मोडतो. सगळ्यात पुढे एक आणि सगळ्यात मागे एक, दोघं ठरलेले, मधे कोणी कुठेही. पुढच्याने वळणावर थांबायचं आणि मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि मागे फिरायची वेळ आजच, घरी बसून ठरवा. तिथे ठरवायला गेलात की अकरातले चार म्हणतील 'एवढे आलोच आहोत तर'.

शिट्टी प्रत्येकाकडे. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. उत्तर देणारा तीन वाजवतो. आणि सुती कपडे नकोत. ओलं सूत अंगाला चिकटून बसतं आणि वाऱ्यात ऊब शोषून घेतं. १० अंशातसुद्धा माणूस गारठतो, त्याला बर्फ लागत नाही.

ओहोटीवेडी | गुरुवार, सकाळी ७:४०

मी डबक्यातले जीव बघायला किनारे तुडवते, त्यामुळे माझा सल्ला पायाखालचा. खडकावर तीन पट्टे दिसतात. खाली हिरवं-तपकिरी शेवाळ, मधे पांढऱ्या खरखरीत बार्नेकलचा (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचवाले जीव) थर, त्यावर डांबर सांडल्यासारखा काळा पट्टा. लोक हिरवं बघून जपतात आणि काळ्यावर बेधडक पाय टाकतात. तो खडकाचा रंग नसतो, लायकेनची (दगडफुलाच्या जातीची) पातळ साय असते. कोरडी असताना सँडपेपर, ओली झाली की साबण. चालायचं असेल तर बार्नेकलवरून चाला, पकड मिळते (हात मात्र टेकू नका, सोलून निघतात, आणि तेही जिवंत आहेत, तेव्हा गरजेपुरतंच).

दुसरा फायदा असा की बार्नेकलची वरची कड बघून पाणी कुठवर चढतं ते कळतं. कड्याच्या पायथ्याशी उभं राहून ती कड आपल्या डोक्याच्या वर दिसली, तर ॲप उघडायची गरज नाही.

उगाचच | गुरुवार, सकाळी ९:००

एवढा अभ्यास मी दहावीला केला नव्हता. पण काळ्या पट्ट्याचं माहीत नव्हतं, मान्य.

पायपीट | शनिवार, रात्री ९:३०

ठरलं. दोघांनी आयत्या वेळी टांग दिली, आता ९ जण. उलट दिशा. १२:३० ला दीपगृहावर थांबून पुढचं ठरवायचं, हवा बिघडलेली दिसली तर डांबरी रस्ता. हे गटावर लिहूनही टाकलंय. शिट्ट्या मात्र आयत्या वेळी मिळाल्या नाहीत, एकच आहे, माझ्याकडे. काकांनी फोन करून विचारलं, 'साडेसातपट म्हणजे काय रे?' भाचीने धागा वाचून दाखवला होता.

पायपीट | रविवार, रात्री १०:५०

सगळे घरी. थकलोय, उद्या लिहितो.

दमछाक | रविवार, रात्री १०:५८

'सगळे घरी' यातच बरंच काही आलं. वाट बघतो.

पायपीट | सोमवार, रात्री ९:०५

जसं झालं तसं लिहितो.

लाँच ४० मिनिटं उशिरा. म्हणजे सगळं गणित पहिल्याच पायरीवर सरकलं. ९:५० ला चालायला लागलो. ऊन, वारा जवळजवळ नाही, उत्तर किनाऱ्याचं पाणी दिसायला शांत. दोघे-तिघे तर म्हणाले की उगाच घाबरवून ठेवलं लोकांनी. ५ किमीला पावणेदोन तास लागले. पट्ट्याच्या तोंडाशी ११:३५.

इथे पहिली चूक. दमछाक, तुम्ही सांगितलेला 'पुढचा' माणूस ठरवला होता, पण त्याच्यासोबत आमचा फोटोवेडा मित्र होता. दोघे झपाझप पुढे गेले. पट्टा जिथे संपतो तिथे खडकाचं एक नाक समुद्रात घुसलंय, त्याला वळसा घालून पलीकडे गेले. थांबायचं वळण तेच होतं. ते थांबले, पण वळणाच्या पलीकडे.

आम्ही सात जण नाकाशी पोचलो तेव्हा बारा. आणि तेव्हाच भाची म्हणाली, "मामा, डोंगर कुठे गेला?" वर बघितलं तर माथाच नाही. बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला असल्याने पश्चिमेकडून काय येतंय ते आम्हाला दिसतच नव्हतं. माथा गेला आणि पाच मिनिटांत सर आली, आडवी.

नाकाच्या पायथ्याशी उभं राहून मी लाटा मोजल्या. सात लाटा खडकाच्या पायरीशी थांबल्या, आठवी वर चढून गुडघ्याएवढं पाणी ओतून गेली. पुन्हा मोजल्या. या वेळी पाचवीच वर आली. बार्नेकलची कड काकांच्या कपाळाच्या रेषेत होती, ओहोटीवेडी, तुमची आठवण झाली. दोघे म्हणाले, दोन लाटांच्या मधे पळून जाऊ, पलीकडे दहा पावलं तर आहेत. 'एवढे आलोच आहोत' हे वाक्यही ऐकू आलं, शब्दशः. मी नाही म्हटलं. वाद झाला. काका काही न बोलता मागे वळून चालायला लागले आणि वाद संपला.

४०० मीटर मागे कड्यावर चढणारी पाऊलवाट होती, तिने वर गेलो. फोनला रेंज नाही. मी शिट्टी वाजवली, सहा-सहा, पण वारा खालून वर येत होता, आमचा आवाज आमच्याच मागे उडत होता. त्या दोघांकडे शिट्टीच नव्हती. वरून फिरून दीपगृहावर पोचलो १:४० ला. दोघे तिथेच होते. साडेबाराला दीपगृहावर भेटायचं एवढं पाठ होतं, म्हणून.

पण मधे काय झालं होतं ते ऐका. ते नाकापलीकडे २५ मिनिटं थांबले, मग फोटोवेडा आम्हाला शोधायला परत यायला निघाला. मांडीएवढ्या पाण्यात. काळ्या पट्ट्यावरून पाय सटकला, बार्नेकलवर तळहात आणि पोटरी सोलून निघाली, आणि मग मागे फिरला. दीपगृहावर ओल्या कपड्यांत ५० मिनिटं बसला होता. मी पोचलो तेव्हा तो सॅकची चेन उघडत होता आणि त्याची बोटं चेनवरून घसरत होती. तीनदा, चारदा. स्वतःशीच हसत होता आणि काय म्हणतोय ते नीट कळत नव्हतं. मला वाटलं दमलाय. काकांनी एका नजरेत ओळखलं. ओले कपडे काढायला लावले, कोरडे चढवले, दोघांच्या मधे बसवला, थर्मासमधलं गरम पाणी घोट-घोट दिलं. वीस मिनिटांनी त्याने चेन स्वतः लावली.

पुढच्या कड्याचा विषयच कोणी काढला नाही. डांबरी रस्त्याने ३:१० ला धक्क्यावर.

आणि आता खरी गंमत. फलकावर शेवटची लाँच ५. लाँचवाले म्हणाले, धक्क्यापाशी लाटा वाढल्यात, शेवटची फेरी ३:४५ ला, पुढे नाही. वळसा पूर्ण केला असता तर कड्यावरून ती जाताना बघितली असती.

ओहोटीवेडी | सोमवार, रात्री ९:४०

बाप रे. पोटरीवरच्या जखमा नीट धुतल्या ना? बार्नेकलचे ओरखडे वरवर दिसतात पण आत कवचाचे कण राहतात. साध्या वाहत्या पाण्याने भरपूर धुवा, लाली पसरायला लागली तर डॉक्टर.

पायपीट | सोमवार, रात्री ९:५२

धुतल्या. आज दाखवूनही आला. फोटो मात्र सगळे शाबूत, कॅमेरा डोक्यावर धरून पडला होता.

बिनछत्री | सोमवार, रात्री १०:१०

दिशेबद्दल मी शब्द मागे घेतो. मूळ दिशेने त्या नाकाशी तुम्ही दीडला पोचला असतात.

खारावारा | सोमवार, रात्री १०:३०

घेऊ नका मागे. कड्यावर वारा किती होता ते दीपगृहावर कळलंच असेल यांना. माझी चूक कबूल करतो: मी भरतीचा तास-मिनिटाचा हिशोब दिला, पण लाँचचा उशीर धरला नाही, आणि लाँच लवकर सुटू शकते हे तर सांगितलंच नाही. ३० वर्षं पाण्यावर काढून. पुन्हा जाल तेव्हा उतरतानाच खलाशाला विचारा, 'हवा फिरली तर शेवटची फेरी किती वाजता?' फलक त्याला विचारून लावलेला नसतो.

दमछाक | सोमवार, रात्री ११:००

'वळणावर थांबा' असं मी लिहिलं होतं. 'वळणाच्या अलीकडे' असं लिहायला हवं होतं. आणि फोटोवेडा नेहमी मागे ठेवायचा, मागच्या माणसाच्याही पुढे एक. हे मला माहीत होतं आणि लिहायचं राहिलं.

अंशमात्र | मंगळवार, सकाळी ७:१५

चेनवरून घसरणारी बोटं ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. बारीक कामं आधी जातात, मग बोलणं, मग पाय. गारठलेला माणूस स्वतःहून कधीच सांगत नाही, कारण त्याला ठीकच वाटत असतं. काकांना हे कुठून माहीत?

पायपीट | मंगळवार, सकाळी ८:३०

विचारलं. म्हणाले, धाग्यात सूत आणि दहा अंशांचं लिहिलं होतं ते भाचीने वाचून दाखवलं, मग त्यांनी तिला पुढचं शोधायला लावलं. थर्मासही त्यामुळेच घेतला होता.

उगाचच | मंगळवार, सकाळी ९:१०

साखरेचे आहात का, असं विचारलं होतं मी वर. ते काढून टाकता येतं का इथे?

पायपीट | मंगळवार, सकाळी ९:२५

राहू द्या. भाचीला तेच सगळ्यात आवडलंय. आणि उरलेला कडा बाकी आहे, काका रोज विचारताहेत कधी. या खेपेला भांगाची भरती (उधाणाच्या उलट, कमी चढणारी) आणि नऊ शिट्ट्या. तारीख निघाली की नवा धागा काढतो.